वारीच्या पडशीतील उपकरणे : यवतमाळ ते पैनगंगा

आषाढी एकादशीला महिना-सव्वा महिना उरला की यवतमाळच्या माझ्या लहानशा दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. पासष्टी-सत्तरी ओलांडलेले एखादे आजोबा समोरच्या खुर्चीत बसतात आणि विचारतात, "डॉक्टर, यंदा पायी जाऊ ना?" त्यांच्या मागे पुण्याहून किंवा नागपूरहून आलेला मुलगा उभा असतो आणि त्याच्या हातात दोन-तीन नवी खोकी असतात. मनगटी घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पॉवर बँक. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर तपासणीनंतर देता येते. मुलाच्या मनातला प्रश्न मात्र तो उच्चारत नाही : यांतले काय दिले म्हणजे मला रात्री झोप लागेल?

हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीमुळे मिळाला आहे आणि ती चूक माझ्या स्वतःच्या घरात घडली.

यवतमाळहून पंढरपूर पायी सुमारे पाचशे किलोमीटर. दिवसाला वीस किलोमीटर धरले, तरी पंचवीस दिवसांची चाल. आमच्या भागातील दिंडी नागपूर–तुळजापूर महामार्गाने निघते. आर्णी, महागाव, उमरखेड ही जिल्ह्यातील मोठी गावे, आणि उमरखेडच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका लागतो. यवतमाळ ते पैनगंगा हे पहिले पाच-सहा मुक्काम मी आता दरवर्षी दिंडीबरोबर चालतो आणि पुलावरून परततो. शरीराची आणि सामानाची खरी परीक्षा याच टप्प्यात होते. जे येथे निभावते, ते बहुधा पंढरपूरपर्यंत निभावते.

यवतमाळ पठारावर वसले आहे. शहर मागे टाकून हिवरीच्या दिशेने निघाले, की दोन्ही बाजूंना काळी शेते दिसतात. नांगरून, वखरून तयार असलेली आणि पावसाची वाट पाहणारी. सरकी लावायची की थांबायचे, या विवंचनेत शेतकरी धुऱ्यावर उभे असतात आणि दिंडी दिसताच हात जोडतात. रस्ता चौपदरी झाल्यापासून चालणे सपाट झाले, पण कडेच्या झाडांची सावली गेली. दिवसभर तापलेला सिमेंटचा रस्ता रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. ज्या वर्षी मृग लांबतो, त्या वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही पारा ४२-४३ अंशांवर असतो. उपकरणांची निवड करताना पहिला विचार या उन्हाचा करावा लागतो. दुकानदार तो करीत नाही.

काही वर्षांपूर्वी माझे वडील, वय ७४, प्रथमच पायी वारीला निघाले. मधुमेह जुना, गोळ्यांवर आटोक्यात. त्यांची पडशी मी स्वतः भरली. नवा स्मार्टफोन, त्याला कुलूप म्हणून चार अंकी संकेतांक, नाडी मोजणारे घड्याळ, साखर तपासण्याचे ग्लुकोमीटर, मनगटावरचे रक्तदाब यंत्र, वीस हजारांची पॉवर बँक आणि घडीचे सौर पॅनेल. या खरेदीत माझे दोन रविवार गेले. रोज वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला एरवीचाच गोळ्यांचा डोस चालेल का, हा विचार मी पाच मिनिटेही केला नाही. मी डॉक्टर आहे, हे येथे मुद्दाम पुन्हा सांगतो.

तिसऱ्या दिवशी आर्णी मागे पडली. कोसदनी घाटाच्या अलीकडे, सकाळी अकराच्या सुमारास बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. बरोबरच्या वारकऱ्यांनी त्यांना एका टपरीच्या सावलीत बसवले. कोणीतरी ग्लुकोमीटर काढले. पडशीत तापलेल्या त्या यंत्राने साखर दाखवण्याऐवजी तापमापकाचे चिन्ह दाखवले आणि ते बंद पडले. फोन होता, पण त्याला कुलूप होते. संकेतांक बाबांना आठवेना. घड्याळाची बॅटरी आदल्या रात्रीच संपली होती. शेवटी दिंडीतील एका मावशींनी आपल्या पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून त्यांना चघळायला दिला, वर पाणी पाजले, आणि बाबांच्या बंडीच्या खिशातील एका कागदावर माझ्या आईने लिहून ठेवलेला क्रमांक वाचून स्वतःच्या साध्या बटणांच्या फोनवरून मला कळवले, "डॉक्टर, तुमच्या बाबाले चक्कर आली होती. गूळ देल्ला, आता बोलून राह्यले."

मी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा ते झाडाखाली बसून चहा पीत होते. दुपारी मी गोळीचा डोस कमी केला. संध्याकाळी त्यांनी पडशी माझ्यासमोर उलटी केली आणि म्हणाले, "यातलं मला काय लागलं, ते तूच सांग." त्यांनी फोन बदलून साधा घेतला, विजेरी ठेवली, बाकी सर्व माझ्या गाडीत परत पाठवले आणि ते पंढरपूरला पोहोचले.

त्या दिवसापासून वारीला निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या उपकरणांना मी तीन प्रश्न लावतो. आपणही लावून पाहावेत. हे उपकरण ४२ अंशांत चालेल का? वीज नसताना दोन दिवस टिकेल का? आणि सर्वांत महत्त्वाचा : माणूस स्वतः बोलू शकत नसेल, तेव्हा शेजारच्या अनोळखी व्यक्तीला ते वापरता येईल का? या तीन प्रश्नांतून जे उरते, ते फार थोडे असते.

फोन. वृद्ध पदयात्रीसाठी माझी पहिली पसंती बटणांच्या साध्या फोनला आहे. त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, एका चार्जिंगवर तो कित्येक दिवस टिकतो, आणि तो कोणाच्याही हातात चालतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार नव्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरले असता आपत्कालीन सेवेला फोन लागण्याची सोय ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले आहे. आपल्या फोनमध्ये ते बटण कोणते, हे दुकानातच विचारून घ्यावे. आपत्कालीन सेवेचा देशभरचा क्रमांक ११२ आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन्ही आजी-आजोबांना तोंडपाठ असावेत. स्मार्टफोनच न्यायचा असेल, तर त्याचे कुलूप काढून टाकावे, किंवा 'आपत्कालीन माहिती' या सोयीत नाव, आजार, औषधे आणि घरचा क्रमांक भरावा. ही माहिती कुलूप न उघडताही पडद्यावर पाहता येते.

डोंगरउताराच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क येते-जाते. सिग्नल शोधत राहणारा फोन बॅटरी झपाट्याने संपवतो. अशा ठिकाणी तो 'फ्लाइट मोड'वर ठेवावा आणि मुक्कामी पोहोचल्यावर सुरू करावा. छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर फोन सदऱ्याच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये. दोहोंत किमान १५ सेंटिमीटर अंतर असावे.

पॉवर बँक. शाळेत किंवा मंदिरात मुक्काम पडतो, तेव्हा विजेची एक खाच असते आणि भोवती तीस फोन. म्हणून पॉवर बँक उपयोगी आहे, पण तिचे गणित समजून घ्यावे. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील सेलचा असतो. फोनला वीज देताना व्होल्टेज बदलावे लागते आणि त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. प्रत्यक्षात फोनपर्यंत सहा ते साडेसहा हजार पोहोचतात. ५,००० बॅटरीचा स्मार्टफोन त्यावर जेमतेम सव्वा वेळा भरतो. साधा फोन पाच-सहा वेळा, म्हणजे जवळजवळ पूर्ण वारी. वीस हजारांची पॉवर बँक घेतली, तर वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमवरून साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात जाते. साध्या फोनच्या जोडीला दहा हजारांची पुरे. विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहावा. रस्त्याच्या कडेला मिळणारी, आकडा मोठा आणि वजन हलके अशी पॉवर बँक घेऊ नये.

लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणे धोक्याचे असते, आणि उन्हातील पडशीच्या आत तेवढे तापमान सहज होते. चालताना चार्जिंग करू नये. रात्री सावलीत, जमिनीवर, उशी-पांघरुणापासून दूर ठेवून करावे. फुगलेली पॉवर बँक लगेच वापरातून काढावी. घडीच्या सौर पॅनेलचा मोह टाळावा : ते पाठीवर लावले की त्याला जोडलेली बॅटरी तापते, आणि पाऊस सुरू झाला की ढगांखाली ते नावापुरते उरते.

विजेरी. पहाटेचा काकडा आटोपून दिंडी निघते, तेव्हा अंधार असतो. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात टाळ असलेल्या माणसाला हातातील विजेरी निरुपयोगी ठरते. कपाळावर पट्ट्याने बांधायची विजेरी घ्यावी, आणि तीही पेन्सिल सेलवर चालणारी. हा सेल जवळ्याच्या किराणा दुकानातही मिळतो. माझ्या अनुभवात वृद्ध वारकरी सर्वाधिक पडतात ते रात्री लघवीला उठल्यावर, अनोळखी शाळेच्या पायऱ्यांवर. त्यामुळे आमच्या यादीत विजेरीचा क्रमांक फोनच्या लगेच नंतर लागतो. मागून येणाऱ्या वाहनांसाठी पाठीवर चमकणारी पट्टी शिवावी. तिला बॅटरी लागत नाही.

तपासणीची यंत्रे. बहुतेक घरगुती रक्तदाब यंत्रे आणि ग्लुकोमीटर १० ते ४० अंशांच्या दरम्यान वापरण्यासाठी बनवलेली असतात, आणि साखरेच्या पट्ट्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. म्हणजे विदर्भातील जूनच्या दुपारी ती भरवशाची नसतात. तपासणी पहाटे, निघण्यापूर्वी करावी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद, कपड्यांच्या घडीत ठेवावी. रक्तदाबाचे यंत्र मनगटाचे नको. दंडाला बांधायचे हवे. ते प्रत्येकाने वाहून नेण्याचेही कारण नाही. दिंडीच्या ट्रकमध्ये एक चांगले यंत्र आणि ते वापरता येणारी एक व्यक्ती पुरे. हृदयाचे ठोके कायम अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत स्वयंचलित यंत्राचा आकडा चुकू शकतो, हेही त्या व्यक्तीला ठाऊक असावे.

सुई न टोचता रक्तातील साखर दाखवतो, असा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या बाजारात आहेत. अशा उपकरणांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला आहे. चुकीच्या आकड्यावर घेतलेली गोळी किंवा इन्सुलिन जीवघेणे ठरू शकते.

मधुमेही वारकऱ्याचे खरे उपकरण म्हणजे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी झालेले बोलणे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे लांब चालीत साखर एकाएकी घसरू शकते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी उन्हात पाण्याची कमतरता वाढते. डोस स्वतः बदलू नये, पण विचारल्याशिवाय निघूही नये. साखर ७० च्या खाली गेली, किंवा यंत्र नसताना घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर किंवा तेवढा गूळ लगेच द्यावा. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

इन्सुलिनसाठी बॅटरीवर चालणारे छोटे शीतपात्र विकले जाते. ते रोज चार्जिंग मागते. ओल्या कापडात गुंडाळलेली मातीची लहान कुपी किंवा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी कोरड्या हवेत चांगले काम देते. विदर्भातील घराघरांतील कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे. मात्र पाऊस पडून हवा दमट झाली, की कूलरप्रमाणे हिचाही गारवा कमी होतो. तोवर हवाही निवलेली असते.

श्रवणयंत्र. ते घरी ठेवून जाऊ नये. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू येणे हीच मोठी सुरक्षितता आहे. घाम आणि पाऊस हे त्याचे शत्रू. रात्री ते काढून कोरड्या रुमालाने पुसावे आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवावे. झिंक-एअर सेल असल्यास जादा पाकीट न्यावे, कारण त्या आकाराचे सेल लहान गावात मिळत नाहीत. नव्या सेलवरील चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर तो हवेत ठेवून मगच बसवावा. अभंग ऐकण्यासाठी कानात इअरफोन घालून रस्त्याने मात्र कोणीही चालू नये. दिंडीत अभंग असतातच.

विजांचा इशारा. मृगाच्या सरी गडगडाटासह येतात आणि मोकळ्या शेतातून जाणारी दिंडी त्यांच्या तावडीत सापडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवते. ते दिंडीतील एका तरुणाच्या फोनवर असले, तरी सर्वांचे काम होते. इशारा मिळताच पक्क्या इमारतीचा किंवा बसचा आसरा घ्यावा. एकट्या उंच झाडाखाली थांबू नये.

आता सामान कोठे ठेवायचे, ते पाहू. दिंडीचे जड सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते, आणि नेमकी दुपारची औषधे त्या ट्रकमध्ये असतात. ही चूक मी दरवर्षी पाहतो. अंगावरच्या लहान पिशवीत पाच गोष्टी हव्यात : साधा फोन, दिवसभराची औषधे, गूळ, पाणी आणि कागद. कागदावर नाव, गाव, आजार, औषधांची नावे व मात्रा आणि घरचे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहावेत. तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून अंगातल्या कपड्याच्या खिशात ठेवावा. तो कधीही चार्ज करावा लागत नाही. विजेरी, पॉवर बँक आणि एक वायर रात्रीच्या सामानात जाऊ द्यावी. माझ्या हिशेबाने सर्व विद्युत उपकरणांचे वजन मिळून अर्ध्या किलोच्या आत बसले पाहिजे.

निघण्यापूर्वी दोन आठवडे ही पिशवी घेऊनच रोज सकाळी फिरायला जावे. फोन आजोबांनी स्वतः लावावा, विजेरीचे सेल स्वतः बदलावेत, मुलाने फक्त पाहावे. जे त्यांना तीनदा सांगूनही जमत नाही, ते वाटेत जमणार नाही. ते काढून टाकावे. त्यात त्यांचा कमीपणा नाही. ते उपकरण त्यांच्यासाठी बनलेले नाही, इतकेच.

आणि घरी राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फोनची एक वेळ ठरवा आणि तिच्या बाहेर वारंवार फोन करू नका. दिवसातून दहा वेळा विचारपूस झाली, की फोनची बॅटरी आणि वारकऱ्याचे मन दोन्ही लवकर थकतात. आमची वेळ संध्याकाळी साडेसातची होती, हरिपाठानंतरची. एखाद्या दिवशी फोन आला नाही, तर रात्री नऊपर्यंत थांबायचे आणि मग दिंडीच्या व्यवस्थापकांना विचारायचे, असेही ठरले होते. त्यामुळे नेटवर्क नसलेल्या दोन रात्री आईने घाबरून न जाता काढल्या.

बाबा त्यानंतर आणखी चार वेळा पायी गेले. शेवटच्या वारीनंतर दीड वर्षाने ते गेले, घरी, झोपेत. त्यांचा बटणांचा फोन आता माझ्या पिशवीत असतो. गेल्या वर्षी पैनगंगेच्या पुलावर दिंडीला निरोप देताना एका सत्तरीच्या वारकऱ्यांनी तो मागून घेतला. त्यांचा स्मार्टफोन पावसात भिजून बंद पडला होता. त्यांनी घरी फोन लावला आणि सांगितले, "जेवलो. पाय बरे आहेत. उद्या हदगाव." पलीकडून कोणीतरी फक्त "बरं" म्हणाले. त्यांनी फोन मला परत दिला आणि ते पुलावरून पुढे निघाले.